गोंदलेली खूण कोणाची?

शिधावाटप दुकानांत अंगठ्याची यंत्रे आली, तेव्हापासून एक दृश्य खेड्यापाड्यांतून वारंवार दिसू लागले आहे. सत्तरी ओलांडलेली एखादी म्हातारी यंत्रावर अंगठा टेकविते आणि यंत्र तिला ओळखीत नाही. ती बोट पदराला पुसते, पुन्हा टेकविते, पुन्हा नकार. उभा जन्म खुरपे, जाते आणि चुलीची राख यांत गेलेला. अंगठ्यावरच्या रेषा कधीच झिजून गेलेल्या असतात. त्याच हाताच्या मनगटावर मात्र तिच्या लहानपणी टोचलेली तुळस जशीच्या तशी असते. यंत्राला हवी असलेली खूण पुसली गेली आणि यंत्राला नको असलेली खूण टिकून राहिली. माणसाची ओळख कशात असते आणि ती ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न या साध्या प्रसंगाने आपल्यासमोर उभा राहतो.

गोंदण ही आपल्याकडे दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत इतकी नित्याची गोष्ट होती, की तिच्याविषयी काही लिहावे असे कोणास वाटले नसते. मुलगी पाच-सात वर्षांची झाली, की गोंदणारीण ओसरीवर येऊन बसे. साधने अगदी थोडी. तीन-चार सुया दोऱ्याने एकत्र बांधलेल्या, आणि दिव्याची काजळी पाण्यात, कोठे झाडपाल्याच्या रसात, तर कोठे अंगावर पाजणाऱ्या बाईच्या दुधात कालवलेली. काडीने आकृती रेखायची, तिच्यावरून सुया टोचत जायचे, वर काजळी चोळायची आणि शेवटी हळद-तेल लावायचे. पोर रडू लागली की तिचे हात घट्ट धरून ठेवण्याचे काम घरातल्याच बायका करीत. मोबदला म्हणून सूपभर धान्य, एखादे जुने लुगडे किंवा चार पैसे मिळत. कपाळावर आणि हनुवटीवर ठिपके, हातावर तुळस, विंचू, मोर, लक्ष्मीची पावले, गोपद्म किंवा राम-लक्ष्मण. जन्मभर अंगावर घातलेले सोने मेल्यावर उतरवून घेतात, गोंदण तेवढे बरोबर येते, अशी श्रद्धा यामागे होती. जिच्या अंगावर सोन्याचा मणी कधी चढलाच नाही, तिच्यासाठी तर हाच खरा दागिना होता.

ही काजळी टिकते कशी, याचे उत्तर शास्त्राने अलीकडेच नीट दिले आहे. त्वचेचा वरचा थर सतत गळत असतो आणि नवा येत असतो. तेथे राहिलेला रंग काही आठवड्यांतच नाहीसा होईल. सुई मात्र त्याखालच्या थरापर्यंत पोहोचते. बाहेरची वस्तू आत आली म्हणून शरीरातील भक्षक पेशी धावून येतात आणि रंगाचे कण गिळतात. परंतु ते त्यांना पचत नाहीत. फ्रान्समधील संशोधकांनी 2018 साली उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून असे दाखविले, की ती पेशी मरते तेव्हा तिच्यातील रंग शेजारची नवी पेशी उचलून घेते. गोंदण टिकते ते अशा हस्तांतराने. काजळी काळी असूनही गोंदण हिरवे-निळे दिसते, याचे कारण त्वचेतून आत-बाहेर जाताना होणारे प्रकाशाचे विखुरणे, हे आहे.

ही कला कोणा एका देशाची नाही. आल्प्स पर्वतात 1991 साली बर्फात सापडलेला सुमारे 5,300 वर्षांपूर्वीचा माणूस आज जगप्रसिद्ध आहे. त्याच्या अंगावर काजळीच्या 61 खुणा मोजल्या गेल्या. त्यांतील पुष्कळशा पाठ, गुडघे आणि घोटे येथे, म्हणजे त्याची हाडे झिजली होती तेथेच असल्याने, दुखणे थांबावे म्हणून त्या केल्या असाव्यात, असे काही अभ्यासक मानतात. दुखऱ्या सांध्यावर गोंदवून घेणारी माणसे आपल्याकडेही होती, हे येथे आठवावे. न्यूझीलंडचे माओरी लोक हाडाच्या छिन्नीने चेहऱ्यावर खोल रेषा कोरीत. उत्तर ध्रुवाकडील इन्युइट बायका काजळीत बुडवलेला दोरा सुईने कातडीखालून ओढून घेत. जपानमध्ये पाठभर चित्रे रेखण्याची परंपरा वाढली. 'टॅटू' हा शब्द ताहिती बेटावरचा. कॅप्टन कुकच्या 1769 मधील सफरीनंतर तो इंग्रजीत रुळला. पुढे एडिसनने 1875 साली कागदावर छिद्रे पाडून प्रती काढण्यासाठी विजेची लेखणी तयार केली आणि 1891 साली न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओ'रायली याने त्याच तत्त्वावर गोंदण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. आज आपल्या जत्रांतून घरघरणारे यंत्र हे तिचेच वंशज होय. कार्यालयासाठी निघालेली लेखणी अखेर माणसाच्या कातडीवर चालू लागली!

आपल्या जिल्ह्यात जत्रा म्हटली की पाथर्डी तालुक्यातील मढी डोळ्यांपुढे येते. कानिफनाथांच्या समाधीजवळ होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत भरणारी ही यात्रा भटक्या-विमुक्तांची पंढरीच म्हटली पाहिजे. गाढवांचा बाजार येथे भरतो आणि वर्षभर पांगलेली बिऱ्हाडे येथे एकत्र येतात. अशाच फिरत्या समाजांतील बायकांच्या हाती गोंदण्याची सुई पिढ्यान्पिढ्या होती. दक्षिणेत कोरवा समाजाच्या स्त्रिया या कामासाठी नावाजलेल्या होत्या, आणि आपल्याकडील कैकाडी हे त्यांचेच भाऊबंद समजले जातात. इंग्रज सरकारने 1871 च्या कायद्याचा विस्तार करीत अशा कितीतरी जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. हजेरी, नोंदणी आणि बोटांचे ठसे त्यांच्यामागे लागले. 1952 साली तो कायदा रद्द झाला, तरी लोकांच्या मनातला शिक्का अद्याप पुरता पुसलेला नाही. ज्या स्त्रियांनी गावोगावच्या लेकीबाळींच्या हातांवर शुभ खुणा उमटविल्या, त्यांच्याच कपाळी कायद्याने अशुभ खूण मारली!

हे केवळ अलंकारिक बोलणे नव्हे. बंगाल इलाख्यात 1797 पासून आणि पुढे मद्रास इलाख्यात जन्मठेपेच्या काही कैद्यांच्या कपाळावर त्यांच्या गुन्ह्याची अक्षरे खरोखरच गोंदली जात. 1849 साली ही शिक्षा बंद झाली. गावातल्या ओसरीवरची सुई आणि तुरुंगातली सुई, दोन्ही एकच; शाईही तीच. विसाव्या शतकात ऑश्वित्झच्या छळछावणीत माणसांच्या हातांवर आकडे गोंदले गेले, तेव्हाही सुईच वापरली गेली. मग फरक कोणता? फरक एवढाच, की एके ठिकाणी माणूस आपली खूण आपण मिरवितो आणि दुसऱ्या ठिकाणी ती त्याच्यावर लादली जाते.

परंतु ही कसोटी लावायची, तर ती आपल्या ओसरीलाही लावली पाहिजे. पाच वर्षांच्या ज्या मुलीचे हात घट्ट धरून ठेवले, तिला कोणी विचारले होते? गोंदण नसलेली सून आली तर सासरी बोल लागे. मुलीने कळ सोसायला शिकावे, पुढे जन्मभर तेच करायचे आहे, असा कठोर धडाही त्यात होता. म्हणून गोंदण गेले याबद्दल नुसते हळहळणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. ते जसे गेले, तसे एक दुःखही गेले. मात्र गेले त्याची जी रीत, ती लाजिरवाणी आहे. शिकलेल्या नातवंडांना आजीच्या हनुवटीवरचे ठिपके अडाणीपणाचे वाटू लागले. शान्ता शेळके यांचा 'गोंदण' हा कवितासंग्रह 1975 साली आला. म्हणजे शब्द पांढरपेशांच्या कपाटात सन्मानाने बसला, त्याच काळात ती खूण पांढरपेशांच्या मनगटावरून नाहीशी होत होती.

आता चक्र पुन्हा फिरले आहे. नगर शहराच्या बाजारपेठेत, महाविद्यालयांच्या आसपास तरुणांच्या दंडावर, मानेवर टॅटू दिसतात. याला नाक मुरडण्याचे कारण नाही. निदान येथे हात कोणी धरून ठेवलेले नसतात. परंतु दोन गोष्टी वेळीच सांगणे शिक्षकांचे आणि वडीलधाऱ्यांचे कर्तव्य आहे. पहिली गोष्ट भरतीची. रणगाडा दलाचे आणि यांत्रिकी पायदळाचे प्रशिक्षण केंद्र ज्या शहरात आहे, त्याच्या आसपासच्या गावांतली शेकडो मुले पहाटे उठून सडकेवर धावतात. सैन्याच्या नियमांप्रमाणे गोंदण चालते ते कोपरापासून मनगटापर्यंतच्या आतल्या बाजूस आणि पंजाच्या मागच्या बाजूस; इतरत्र असेल तर उमेदवार नाकारला जातो. आदिवासी उमेदवारांना त्यांच्या रूढीनुसार सवलत आहे. जत्रेतल्या पाच मिनिटांच्या हौसेपायी दोन वर्षांची मेहनत वाया जावी, हे दुःख टाळता येण्यासारखे आहे. लेझरने रंग काढता येतो. पण त्याला अनेक बैठका लागतात, खर्च येतो आणि डाग राहू शकतो.

दुसरी गोष्ट सुईची. एकाच्या हातावरून दुसऱ्याच्या हातावर गेलेली सुई कावीळ 'ब' आणि 'क' यांचे, तसेच एचआयव्हीचे विषाणू नेऊ शकते. एकाच वाटीतली शाई सर्वांना वापरणे तितकेच घातक. म्हणूनच गोंदवून घेतल्यावर ठरावीक मुदतीपर्यंत रक्तदान करता येत नाही. यात्रेत पाण्याची टाकी आणि औषधोपचाराची व्यवस्था होते; मग गोंदणाऱ्यांना नव्या सुयांची पाकिटे देऊन वापर कसा करावा, हे समजावून सांगण्याची व्यवस्था का होऊ नये? त्यांना हुसकावून लावणे सोपे आहे, परंतु पोटाचा धंदा हुसकावल्याने बंद होत नाही. तो अधिक अंधाऱ्या जागी जातो.

आणखी एक काम आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. अकोल्याच्या डोंगरांतल्या आदिवासी पाड्यांपासून जामखेडच्या माळापर्यंत गोंदण ल्यालेल्या हजारो आजीबाई आज हयात आहेत. आणखी वीस वर्षांनी नसतील. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी आपल्या आजीजवळ बसावे, तिच्या हातावरची आकृती वहीत उतरवावी आणि ती कोणी, केव्हा टोचली, तेव्हा ती रडली होती का, हे विचारून लिहून घ्यावे. जिल्ह्याचे नाव 2024 साली अहिल्यानगर झाले. राज्यकर्त्या स्त्रीचे नाव जिल्ह्याला मिळाले, हे योग्यच झाले. परंतु ज्या असंख्य स्त्रियांची नावे कोठेच कोरली गेली नाहीत, त्यांचा लेखी पुरावा एवढाच आहे, आणि तो त्यांच्या कातडीवर आहे.

सेवापुस्तकात 'शरीरावरील ओळखीची खूण' असा एक रकाना असतो. आपण कारकून आणि शिक्षक तो तीळ किंवा जुना व्रण लिहून भरून टाकतो. दुकानासमोर ताटकळलेल्या त्या म्हातारीला मात्र असा रकाना भरायचा झाल्यास काही शोधावे लागणार नाही. तिची ओळख तिच्या मनगटावरच आहे, वाचणारा हवा.