संशयाला चेहरा लागतो

खुटबाव आणि यवत ही पुणे-दौंड लोहमार्गावरची लागोपाठची स्टेशनं. १ ऑगस्ट २०२५ रोजी यवतमध्ये एका तरुणाच्या समाजमाध्यमावरील मजकुरावरून जमाव रस्त्यावर उतरला, जाळपोळ झाली, पोलिसांना अश्रुधूर सोडावा लागला. सहाच दिवस आधी, २६ जुलैला, गावातल्या मंदिरात शिवाजी महाराजांच्या पुतळ्याची विटंबना झाली होती आणि गाव आतून धुमसत होतं. त्या घटनेचा संताप खराच होता, तो कुणी नाकारू नये. पण मजकूर लिहिणारा एक होता आणि झळ घरांना, गाड्यांना, बेकरीला बसली. रोज सकाळी ज्या दुकानातून पाव आणायचा, ते दुकान एका दिवसात ‘त्यांचं’ कसं झालं?

माझ्या मते हे काम रागापेक्षा भीतीचं जास्त आहे. नुसती भीती माणसाला सोसवत नाही, तिला एखादा चेहरा हवा असतो. २०२४च्या उन्हाळ्याअखेर शिरूर-दौंडच्या आकाशात रात्री ड्रोन दिसू लागले, तेव्हा चोर टेहळणी करताहेत अशी बोलवा उठली आणि गावंच्या गावं काठ्या घेऊन जागली. ड्रोन हाताला लागत नाही; रस्त्यावरचा अनोळखी माणूस लागतो. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ रोजी हेच झालं. पोरं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवर फिरत होती. भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार केलं.

कुणी म्हणेल, ते परके होते, गावात आम्ही एकमेकांना ओळखतो. आग लावणारे बाहेरून येतात. येत असतीलही. पण कुठलं घर कुणाचं, हे बाहेरच्याला ठाऊक नसतं. गावातलंच कुणीतरी बोट दाखवतं, किंवा दाखवणाऱ्याला बाकीचे अडवत नाहीत. पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख अशा वेळी ढाल होण्याऐवजी पत्ता होते. मग सावधच राहायचं नाही का? राहायचंच. चोऱ्या होतात, गस्त हवीच. मात्र गस्त वाटेवर लक्ष ठेवते आणि संशयिताला पोलिसांकडे देते; संशय शेजाऱ्याच्या दारावर लक्ष ठेवतो आणि निवाडाही स्वतःच करतो.

खुटबावकरांनो, रात्री-अपरात्री मोबाइलवर कुणावर संशय घेणारा मजकूर आला तर पुढे पाठवू नका. आधी पोलिस पाटलाला विचारा, ११२ला फोन लावा, आणि ज्याचं नाव त्यात घेतलंय त्याच्या दाराशी दोघं-तिघं जाऊन उभे राहा.