दुसरी लाट आणि फुप्फुसातली बुरशी

मे २०२१. दुसरी लाट ओसरू लागली होती. तेवढ्यात कल्याण-डोंबिवली परिसरात म्युकरमायकोसिस या बुरशीच्या आजाराने दोन रुग्ण दगावल्याची बातमी आली आणि करोनातून माणूस सुटला म्हणून निश्चिंत झालेल्या घरांना नवा घोर लागला. त्याच महिन्यात केंद्राने राज्यांना हा आजार साथरोग कायद्याखाली नोंदवायला सांगितलं. ॲम्फोटेरिसिन या बुरशीविरोधी औषधासाठी नातेवाईक ठाण्यापासून मुंबईपर्यंत दुकानं पालथी घालत होते. महिनाअखेरीस वर्ध्यातल्या एका कंपनीने ते बनवायला घेतलं.

इशारा मात्र आधीच मिळालेला होता. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत देशातल्या १६ रुग्णालयांत म्युकरचे २८७ रुग्ण नोंदले गेले, त्यांपैकी १८७ करोनाचे. आदल्या वर्षाच्या त्याच काळापेक्षा म्युकरचे रुग्ण दुपटीहून जास्त होते.

चूक कुठे झाली? डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी करतं, हे जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या चाचणीने दाखवलं. मात्रा होती रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस. ज्यांना प्राणवायू लागत नव्हता, त्यांना त्याचा फायदा दिसला नाही. तरी औषधांच्या चिठ्ठ्या व्हॉट्सॲपवर फिरल्या आणि ताप आल्या आल्या घरीच स्टेरॉइड सुरू झालं. साखर भडकली, प्रतिकारशक्ती खाली गेली आणि बुरशीला रान मोकळं मिळालं. ठाण्यात बाळकुमच्या ग्लोबल हबपासून डोंबिवलीच्या क्रीडासंकुलापर्यंत खाटा वाढवण्याचं काम प्रचंड होतं, त्याचं मोल कमी नाही. पण सगळ्यांचं लक्ष प्राणवायू आणि रेमडेसिविरवर खिळलेलं असताना, दिवसातून चार वेळा बोटाला सुई टोचून साखर पाहणं हे काम देशभर मागे पडलं.

साखरेसारखीच दुसरी साधी गोष्ट म्हणजे ह्युमिडिफायरची बाटली. प्राणवायू तिच्यातल्या पाण्यातून बुडबुडत नळीत जातो. पाणी निर्जंतुक हवं, रोज बाटली रिकामी करून, धुऊन ते नव्याने भरायला हवं. खुणेपर्यंत वरून ओतून भागत नाही. आयसीएमआरच्या मे २०२१ च्या सूचनांत साखर आणि स्टेरॉइडबरोबर निर्जंतुक पाण्याचं हेही होतं.

नाक-डोळ्यांच्या म्युकरने सगळ्यांना हादरवलं, त्यामुळे ॲस्परजिलस ही दुसरी बुरशी झाकली गेली. ती थेट फुप्फुसात वाढते. चेहरा काळा पडत नाही. फक्त व्हेंटिलेटरवरचा रुग्ण बिघडत जातो आणि दोष विषाणूवर जातो. फ्लूमध्येही हेच घडतं. बेल्जियम आणि नेदरलँड्समधल्या २०१८ च्या अभ्यासात फ्लूने अतिदक्षता विभागात आलेल्या ४३२ रुग्णांपैकी १९ टक्क्यांना ती आढळली. मग सगळ्यांना आधीच बुरशीविरोधी औषध द्यावं का? युरोपातल्या चाचणीत पोसाकोनाझोल देऊन पाहिलं, पण ठोस फायदा दिसला नाही, कारण ज्यांना संसर्ग झाला, त्यांपैकी बहुतेकांना तो दाखल होतानाच किंवा ४८ तासांच्या आत झालेला होता.

२०२२ च्या पावसाळ्यात ठाणे जिल्ह्यात स्वाइन फ्लू पुन्हा आला. इथे जुन्या इमारती पाडून टॉवर उभे राहतात आणि ॲस्परजिलसचे बीजाणू धुळीत असतातच. म्हणून रुग्णालयाशेजारी पाडकाम असेल तर पडदे लावणं, पाणी मारणं आणि अतिदक्षता विभागाची हवा गाळणं हा संसर्ग रोखण्याचाच भाग आहे. आणि फ्लूचा गंभीर रुग्ण व्हेंटिलेटरवर गेला, तर श्वासनलिकेतल्या स्रावाची, ॲस्परजिलस ओळखणारी गॅलॅक्टोमॅनन तपासणी पहिल्या दोन दिवसांतच व्हायला हवी.