हिराइसेचा बॅकअप

अकोल्याहून एका वाचकांनी विचारलंय: वडिलांनी सांगितलेल्या आठवणी टाइप करत होतो, मध्येच लाइन गेली. पुन्हा सुरू केल्यावर फाइल उघडेना. पेन ड्राइव्हवर रोज कॉपी ठेवतो, तर तीही उघडत नाही. दोन्हीकडे एकदम कसं काय बिघडलं?

मला हा प्रश्न वाचून रिद्धपूर आठवलं. मराठी भाषा विद्यापीठामुळे अमरावती जिल्ह्यातलं हे गाव अलीकडे बातम्यांत असतं. इथेच १२७८ च्या सुमारास म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलं. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांच्या लीळा, म्हणजे त्यांच्या आठवणी, त्यांचे शिष्य नागदेवाचार्य यांना विचारायच्या, त्या प्रसंगी हजर असलेल्यांना गाठून पडताळायच्या, असा सगळा खटाटोप. आणि चौदाव्या शतकाच्या आरंभी, खलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत, मूळ पोथीच नाहीशी झाली! मग ज्यांना लीळा मुखोद्गत होत्या त्यांच्याकडून ग्रंथ पुन्हा उभा राहिला. त्यात हिराइसा या महानुभाव स्त्रीच्या स्मरणाचा वाटा मोठा. म्हाइंभट पाठ्यपुस्तकात गेले, हिराइसा तळटिपेत राहिली. बॅकअप सांभाळणाऱ्याचं नशीब तेव्हाही असंच होतं म्हणायचं.

आठवणारी माणसं अनेक, म्हणून पाठभेदही आले. संशोधक वि. भि. कोलत्यांनी १९७८ साली या ग्रंथाची संपादित आवृत्ती काढली. असं संपादन म्हणजे पोथीला पोथी लावून पाहणं. दोन पोथ्यांत फरक दिसला, तर कुठेतरी चूक आहे एवढंच कळतं. कुणाची, ते तिसरी पोथी सुचवते. मात्र दोन पोथ्या एकाच चुकीच्या प्रतीवरून उतरवलेल्या असतील, तर बहुमत चुकीच्याच बाजूला जातं.

अमेरिकेत बेल लॅब्समध्ये रिचर्ड हॅमिंगही याच कोड्याशी झगडले. १९४७ च्या सुमारास त्यांना रिले-संगणक फक्त शनिवार-रविवारी मिळायचा. यंत्राला चूक सापडली की ते हातातलं काम सोडून पुढचं घ्यायचं, आणि सोमवारी हॅमिंगच्या हाती काहीच लागायचं नाही. ते वैतागले: चूक झाली हे यंत्राला कळतं, मग कुठे झाली हे का कळू नये? १९५० मध्ये त्यांनी उत्तर छापलं. माहितीच्या चार बिटांना विचारपूर्वक निवडलेले तीन बिट जोडले, तर बिघडलेला एक बिट नेमका सापडतो आणि दुरुस्तही होतो. सगळी पोथी तीनदा उतरवायची गरज नाही!

आता अकोल्याची फाइल. ‘सेव्ह’ म्हटलं तरी मजकूर लगेच डिस्कवर उतरतो असं नाही. काही काळ तो मेमरीत रांगेत थांबतो. तेवढ्यात वीज गेली तर अर्धी पोथी जुनी, अर्धी नवी. (पेन ड्राइव्ह ‘इजेक्ट’ न करता ओढला तरी हेच होतं.) माझा अंदाज असा, की तुम्ही ती अर्धवट फाइल सवयीने जुन्या चांगल्या कॉपीवर उतरवलीत. कॉपी करणारा संगणक मजकूर वाचत नाही. तो चूकही इमानदारीने उतरवतो. क्लाउडवरच्या ‘सिंक’ची जाहिरात बॅकअप म्हणून होते, पण तिथेही बिघाड तितक्याच चपळाईने पसरतो, जुन्या आवृत्त्या राखल्या असतील तरच उपयोग. म्हणून नावात तारीख घालून नवी फाइल करा, एक प्रत घराबाहेर ठेवा, आणि महिन्यातून एकदा ती उघडून बघा. पासवर्ड लावलात तर तो कुणाला तरी सांगा. महानुभावांनी ग्रंथ सकळ लिपीत लिहिले, अक्षरांच्या जागी दुसरी अक्षरं. पंथाबाहेरच्या अभ्यासकांना ती उलगडायला विसावं शतक उजाडलं.

फाइल ‘डॉक्स’ असेल तर अजून एक प्रयत्न करता येईल. हा प्रकार म्हणजे आतून झिपचं गाठोडंच. एक कॉपी करून तिच्या नावाचं शेपूट ‘झिप’ करा आणि गाठोडं सुटतं का बघा. नशीब असेल तर आत मजकूर सापडेल. नाहीच सापडला, तर वडिलांनी त्या आठवणी आणखी कुणाकुणाला सांगितल्या होत्या, त्यांची यादी करायला घ्या.