सहा रिक्षा, बाकी दोन

उल्हासनगर स्टेशनबाहेर 20 प्रवासी उभे आहेत. एका रिक्षात 3 प्रवासी बसतात. सर्वांना नेण्यासाठी किती रिक्षा लागतील?

चौथीच्या चाचणीतल्या या उदाहरणाचं उत्तर एका मुलानं 5 लिहिलं होतं. बाईंनी बोलावून विचारलं, तर म्हणाला, "बाई, एक जण ड्रायव्हरच्या बाजूला बसतो ना!" उल्हासनगरच्या कॅम्पातल्या एका मराठी शाळेत शिकवणाऱ्या या बाईंनी बदलापूर लोकलमध्ये मला हे सांगितलं. ते उत्तर डोक्यातून जाईना. उरलेला गठ्ठा तपासताना शेजारी बसू द्या, म्हणून मी त्यांच्या मागे लागलो.

बदलापूर पूर्वेच्या त्यांच्या घरी जेवणं आटोपल्यावर पेपर निघाले. रिकाम्या जागा, जोड्या, उभी मांडणी हे सगळं भराभर सरकतं. हात अडतो तो शाब्दिक उदाहरणांपाशी.

रिक्षाच्या उदाहरणाला सर्वांत जास्त वेळा आलेलं उत्तर होतं, सहा बाकी दोन. भागाकार चोख. तीन सक अठरा, वर उरले दोन. "सहा बाकी दोन," बाई पान उलटत म्हणायच्या, पुढच्या पानावर पुन्हा "सहा बाकी दोन." रीतीला गुण, उत्तराला नाही. ते दोन प्रवासी अजून स्टेशनबाहेरच उभे आहेत, त्यांच्यासाठी सातवी रिक्षा हवी, हे फार थोड्यांना सुचलेलं. एकीनं तर वीस त्रिक साठ करून 60 रिक्षा मागवल्या होत्या. वाचून बाई खळखळून हसल्या, मीही हसलो. मग त्या म्हणाल्या, "हिनं वाचलंच नाही. दोन आकडे दिसले, गुणले."

अमेरिकेतही हेच घडलेलं आहे. तिथल्या राष्ट्रीय चाचणीत 13 वर्षांच्या मुलांना विचारलं होतं: 1128 सैनिक, एका बसमध्ये 36, तर बस किती? त्याचे निष्कर्ष 1983 साली प्रसिद्ध झाले. बरोबर उत्तर 32. ते लिहिणारी मुलं 23 टक्के. आणि 29 टक्के मुलांनी लिहिलं, 31 बाकी 12. फ्रान्समध्ये ग्रनोबलच्या संशोधकांनी 1980च्या सुमारास आणखी पुढचा प्रश्न टाकला. जहाजावर 26 मेंढ्या आणि 10 बकऱ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? 97 पैकी 76 मुलांनी दिलेल्या आकड्यांशी खटपट करून वय काढून दिलं.

मुलं मंद आहेत म्हणून हे होत नाही. आपण त्यांना तसं घडवतो. 'एकूण' आलं की बेरीज, 'उरले' आलं की वजाबाकी, ही युक्ती गाइडं सांगतात, शिकवण्या सांगतात, घाईत शाळाही सांगते. त्याच पेपरात पेरूवालीचं उदाहरण होतं. तिनं 5 पेरू विकले, 8 उरले, तर सुरुवातीला किती होते? कितीतरी मुलांनी 'उरले' पाहिलं आणि आठातून पाच वजा करून 3 लिहिले. तीन पेरू घेऊन बसलेल्या बाईकडे पाच विकून आठ उरले! यांतली बरीच मुलं संध्याकाळी आईबापांच्या गाडीवर बसतात, सुट्टे पैसे बिनचूक परत देतात. तीच मुलं कागदावर हे लिहितात. शाळेचं गणित आणि गाडीवरचा हिशेब यांचा काही संबंध असतो, हे त्यांना कुणी कळूच दिलेलं नाही. भास्कराचार्यांनी 1150 साली 'लीलावती'त गणितं घातली ती भुंग्यांची, मोराची, हंसांची. आधी चित्र डोळ्यापुढे येतं, आकडेमोड नंतर. आपल्या वर्गांतून ते चित्रच गेलं आहे.

म्हणूनच मी त्या पाचच्या पेपराकडे पुन्हा पुन्हा वळत होतो. बाईंनी तो बाजूला काढून ठेवला होता. समासात पेन्सिलीनं पाच चौकोन, प्रत्येकात मागे तीन टिंबं आणि पुढे एक. कॅम्पातून रोज शेअर रिक्षानं येणारा हा मुलगा. आमच्याकडे स्टेशनच्या रांगेत चौथी सीट भरल्याशिवाय रिक्षा हलत नाही, हे नियमात बसत नसलं तरी खरं आहे. त्याच्या रिक्षांत वीसही जण बसले, बाहेर कुणी उरलं नाही.

"गुण नाही देता येत," बाई म्हणाल्या. "उदाहरणात 3 लिहिलंय." त्यांचं बरोबर आहे. तरी 'सहा बाकी दोन'ला रीतीचा गुण आणि याला शून्य, हे मला पटलेलं नाही. अख्ख्या गठ्ठ्यात प्रवाशांना खरोखर रिक्षात बसवून पाहणाऱ्या मोजक्या मुलांपैकी तो एक होता. बाईंनी फुलीशेजारी लिहिलं होतं, 'मला येऊन सांग.' एवढं तरी प्रत्येक फुलीशेजारी असायला हवं.

पण वर्गात पन्नास मुलं असली की प्रत्येकाला बोलावून विचारणं कोणत्याच बाईंना जमत नाही. घरी मुलं एक-दोनच असतात. तेव्हा पालकांनो, पेपर घरी आला की गुणांची बेरीज नंतर करा. आधी फुली मिळालेलं एक शाब्दिक उदाहरण मुलाला मोठ्यानं वाचायला सांगा, आणि हे उत्तर कसं काढलंस ते न रागावता विचारा.