कामट्यांचा तारा, पिंजराचा गोठा

दिवाळीचा आकाशकंदील उतरवून माळ्यावर ठेवला, की बहुतेक घरांतला सजावटीचा विषय संपतो. आमच्या घरात मात्र तो तिथंच सुरू होतो, कारण आम्ही मराठी ख्रिस्ती. दिवाळीनंतर दीड-दोन महिन्यांत आमचा नाताळ येतो. करंज्या, शंकरपाळ्या, चकल्या पुन्हा एकदा! माझं माहेर कोल्हापूरचं. रॉयल वायल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये कोल्हापुरात आले. न्यू शाहूपुरीतलं वायल्डर मेमोरियल चर्च त्यांच्याच नावाचं. माहेरी डिसेंबर उजाडला की ओळखीच्या घरांवर तारे लागलेले दिसायचे. मुरगूडला आमच्या गल्लीत ख्रिस्ती घर आमचं एकच. इथं आमच्या दारात तारा लागला तर नाताळ, नाही तर पंचवीस डिसेंबर म्हणजे मुलांना शाळेची नुसती सुट्टी.

गेल्या वर्षी ऐन दिवाळीच्या तोंडावर यांचं काम सुटलं. होतं नव्हतं ते दिवाळीच्या देण्याघेण्यात आणि मुलांच्या फीमध्ये गेलं. नाताळाला तयार तारा, प्लॅस्टिकचं झाड, चमचमते गोळे, माळा असा दुकानातला हिशेब मनात मांडला, तर तो दोन हजारांच्या घरात जायला लागला. धाकटी सहा वर्षांची, ती रोज विचारायची, ‘आई, तारा कधी लावायचा?’ थोरला दहाचा. त्यानं एकदाही विचारलं नाही, आणि तेच मला जास्त लागलं. मुलांना घरातली तंगी न सांगता कळते हो! मी मनाशी ठरवलं, दोनशे रुपयांच्या वर जायचं नाही आणि पोरांना कमी पडलं असं वाटू द्यायचं नाही.

आणि मैत्रिणींनो, जरा विचार केला तर लक्षात येतं, की हा सण मुळात विकतच्या थाटाचा नाहीच. येशूचा जन्म झाला तो गुरांच्या गव्हाणीपाशी, कारण आईबापाला उतरायला जागा मिळाली नव्हती. त्या जन्माचा देखावा संत फ्रान्सिस यांनी १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावात मांडला, तोही खरी गव्हाण, खरं गवत, बैल आणि गाढव आणून. नाताळात टांगतात तो बऱ्याच टोकांचा कागदी तारा तर एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या नीस्की गावच्या शाळेत मुलांना भूमिती शिकवताना तयार झाला. म्हणजे हे सगळं हातानंच केलेलं होतं. गणपतीचं मखर आणि दिवाळीचा कंदील घरी करणाऱ्या आपल्यासारख्या बायकांना त्यात अवघड काय?

तारा : बुरुडाकडून बांबूच्या दोन फुटी दहा कामट्या आणल्या. पाटीवर मुलं पेन्सिल न उचलता पाच टोकांची चांदणी काढतात ना, तशाच पाच कामट्या एकमेकींवर ठेवून टोकं दोऱ्यानं घट्ट बांधायची. अशा दोन चांदण्या करायच्या. त्या एकावर एक ठेवून पाचही टोकं एकत्र बांधायची. मग आतल्या बाजूला जिथं कामट्या एकमेकींना छेदतात, त्या पाच जागी दोन्ही चांदण्यांच्या मध्ये सहा-सहा इंचाचे काटक्यांचे तुकडे उभे बसवून बांधायचे. चांदणी मस्त फुगते. कणकेची खळ शिजवून पतंगाचा कागद पुढून, मागून आणि कडेच्या फटींवर चिकटवायचा. पाठीमागचा मधला भाग उघडा ठेवायचा, तिथून दिवा आत जातो. दिवा पाच वॅटचा एलईडीच घ्या. जुना पिवळा बल्ब तापतो, कागदाला धोका. मेणबत्ती तर अजिबात नको. आणि ताऱ्याचं वजन वायरवर टाकू नका, टोकाला वेगळी सुतळी बांधून टांगा.

झाड : सूचिपर्णी झाडं थंड मुलखातली. आपल्याकडं सुरूची फांदी चालते, पण तीही मिळाली नाही तर वाळकी, भरपूर डहाळ्यांची फांदी घ्यावी. मी तिला चुन्याचे दोन हात दिले. पांढरीशुभ्र दिसते, जणू बर्फ पडलाय! माती भरलेल्या डब्यात रोवली आणि डब्याला जुन्या साडीचा काठ गुंडाळला. टांगायला काय? पिचलेल्या, जुन्या बांगड्यांवर लोकर गुंडाळली. आगपेट्यांना मिठाईच्या खोक्यातला सोनेरी कागद लावून दोरा बांधला, की झाल्या भेटवस्तू. चहाचे कागदी कप धुऊन, वाळवून उलटे टांगले, आत एकेक मणी लोंबता सोडला, की झाल्या घंटा. दिव्यांची माळ दिवाळीचीच.

आपल्या भागातली एक खास वस्तू सांगते, उसाचा तुरा. डिसेंबरात शिवारात नजर टाकाल तिकडं तुरे डोलत असतात. शेतकऱ्याला तो बघून बरं वाटत नाही, कारण तुरा आला की उसाची वाढ थांबते. पण सजावटीला ती फुकटची रुपेरी पिसं! मालकाला विचारून पाच-सहा तुरे आणले आणि घागरीत उभे केले. मात्र दिवा, उदबत्ती यांपासून लांब ठेवा. पटकन पेट घेतात.

गोठा : चपलांचं खोकं आडवं ठेवलं, वरून उसाचं पाचट अंथरलं की छप्पर तयार. आत घालायला भाताचं पिंजर हवं होतं, ते मागायला शेजारच्या काकूंकडं गेले. त्यांच्या दारात म्हैस आहे. ‘कशाला गं?’ म्हणून त्यांनी विचारलं, मी सांगितलं. बाळाला गव्हाणीत ठेवलं होतं म्हटल्यावर काकू म्हणाल्या, ‘आमच्या किस्नाचा जन्म तुरुंगात, तुमच्या देवाचा गोठ्यात. देवाला बरं कुठं चांगली जागा मिळत नाही!’ आणि पिंजराचा भारा स्वतः आणून टाकला. त्यांच्या नातवानं दिवाळीच्या किल्ल्यावरचा मेंढपाळ आणि दोन मेंढ्या दिल्या. बेंदराचे मातीचे बैल आमच्या कपाटावर होतेच. बाळ, मरिया, योसेफ एवढेच तिघं मी शाडूचे केले. त्यांना नाकडोळे नीट आले नाहीत, पण धाकटीला ते दुकानातल्यांपेक्षा देखणे वाटले.

गोठ्यापुढं हिरवळ हवी तर नवरात्रात घटाला पेरतो तसे गहू पसरट ताटात मातीवर पेरा. पंधरा डिसेंबरला पेरले तर चोवीसच्या रात्रीपर्यंत बोटभर उंच येतात. गोव्यात यासाठी नाचणी उगवतात.

आता हिशेब ऐका. कामट्या साठ रुपये, पतंगाचे चार कागद वीस, दोरा-सुतळी पंधरा, चुना दहा, शाडू तीस. एकूण एकशे पस्तीस! उरलेल्या पासष्ट रुपयांत करंज्यांचं खोबरं आणलं.

पण खरी कमाई वेगळीच झाली. दुकानातला तारा आणला असता, तर तो पाच मिनिटांत टांगून झाला असता. हा करायला तीन संध्याकाळी गेल्या. कामट्या बांधायला हे बसले. काम सुटल्यापासून ते घरात फारसं बोलत नव्हते. गाठी मारता मारता त्यांनी थोरल्याला लहानपणी केलेल्या पतंगांच्या गोष्टी सांगितल्या. चोवीसच्या रात्री तारा लागला, तेव्हा गल्लीतली पोरं गोळा झाली आणि ‘कुठनं आणला?’ म्हणून विचारायला लागली. थोरला छाती पुढं काढून म्हणाला, ‘आणला न्हाई, आम्ही केलाय!’ जे विकत घ्यायला जमलं नाही, त्याचाच त्याला अभिमान वाटला. आईला आणखी काय पाहिजे?

शेवटी आवरायचं कसं, तेही सांगते. सहा जानेवारीला तीन राजांच्या सणापर्यंत सजावट ठेवायची. मग ताऱ्याचा कागद काढून सांगाडा माळ्यावर टाकायचा, पुढच्या वर्षी नुसता कागद बदलला की झालं. दिवाळीला त्याच सांगाड्याचा आकाशकंदीलही होतो. बैल, मेंढपाळ पुसून ज्याचे त्याला द्यायचे. आणि पिंजरावर चमकी, डिंक काही टाकू नका. आम्ही ते झटकून काकूंच्या म्हशीला घातलं, तिनं एक काडीसुद्धा वाया घालवली नाही.