स्पेसर म्हणजे नुसती भर नव्हे
म्युनिकच्या उत्तरेला, उंटरश्लाइसहाइमच्या हौशी रॉकेटवाल्याला 20 ग्रॅमपेक्षा जास्त इंधनाची मोटर वापरायला जर्मन स्फोटक कायद्याखाली परवाना लागतो. अशा मोटरची पुन्हा भरता येणारी केस, म्हणजे ॲल्युमिनियमचं नळकांडं, महाग असते. म्हणून लांब केसमध्ये इंधनाचा आखूड भरणा बसवून उरलेल्या जागेत स्पेसर घालतात. ‘जागाच तर भरायची, घरचा पाइप कापून चालेल,’ हे मला मान्य नाही. 50 मिमी व्यासावर 50 बार दाब म्हणजे जवळपास 1 टन भार, आणि तो केसच्या पुढच्या टोकाला पोचतो स्पेसरमधूनच. कड तिरकी कापलेली असेल तर एकाच बाजूला एकवटतो. त्याहून मोलाचं सील: ओ-रिंग बसवलेलं झाकण भरणा आणि स्पेसर यांच्यामध्येच हवं, नाहीतर तप्त वायू केसच्या, उष्णतारोधक लायनर नसलेल्या भिंतीला भिडतो. ज्वलन काही सेकंदांचंच, असं कुणी म्हणेल. पण शुद्ध ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं, त्याच्या कितीतरी आधी मऊ पडतं, आणि वायू असतो 2000 अंशांच्या वर. म्हणून उत्पादकानं त्या केससाठी मंजूर केलेलाच स्पेसर वापरावा, तोही सांगितलेल्या संख्येतच.