कोगनोळी ते विमानतळ: सीमाबंदीविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

बेंगळुरूच्या दक्षिण भागातील बनशंकरीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना कोरोनाकाळात दोन सीमांशी गाठ होती: एक परदेशी गेलेल्या मुलांपर्यंत नेणारी विमानतळावरची आणि दुसरी गावाकडच्या वाटेवर कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरील, निपाणीजवळच्या कोगनोळी नाक्याची.

देशाची सीमा दोन वर्षे पूर्ण बंद होती, हा पहिला गैरसमज. २३ मार्च २०२० ते २६ मार्च २०२२ या काळात थांबली होती ती नियमित आंतरराष्ट्रीय प्रवासी उड्डाणे. मे २०२० पासून परदेशात अडकलेल्या भारतीयांना परत आणणाऱ्या ‘वंदे भारत’ मोहिमेची आणि जुलैपासून ‘एअर बबल’ची, म्हणजे दोन देशांनी आपसांत ठरवलेल्या मर्यादित उड्डाणांची, ये-जा चालूच होती.

सीमा उघडण्याचे निर्णय केवळ वैद्यकीय निकषांवर झाले, ही समजूतही टिकत नाही. भारतात बनलेली कोविशिल्ड लस मान्य, पण भारताचे लसीकरण प्रमाणपत्र अमान्य, अशी चमत्कारिक भूमिका ब्रिटनने घेतल्यावर भारताने ४ ऑक्टोबर २०२१ पासून ब्रिटिश नागरिकांवर दहा दिवसांचे विलगीकरण लादले आणि आठवडाभरात, ११ ऑक्टोबरपासून, ब्रिटनने भारतातून येणाऱ्या कोविशिल्डधारकांवरची विलगीकरणाची अट काढली. विषाणू तोच होता. बदलला तो राजनैतिक दबाव.

बंदीमुळे विषाणू बाहेरच राहतो, असे मानणाऱ्यांना बेंगळुरूनेच उत्तर दिले. १५ डिसेंबरपासून नियमित उड्डाणे सुरू होतील, अशी घोषणा २६ नोव्हेंबर २०२१ रोजी झाली, त्याच दिवशी जागतिक आरोग्य संघटनेने नव्या उत्परिवर्तित विषाणूला ‘ओमायक्रॉन’ हे नाव दिले आणि १ डिसेंबरला घोषणा स्थगित झाली. पण दुसऱ्याच दिवशी देशातील पहिले दोन ओमायक्रॉनबाधित बेंगळुरूत जाहीर झाले आणि त्यांपैकी एकाने परदेशप्रवास केलेलाच नव्हता.

राज्यांच्या सीमेवर राज्याचाच शब्द अंतिम, हा समज मात्र अर्धाच चुकीचा आहे. आंतरराज्यीय विलगीकरण हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील संघसूचीचा विषय असला, तरी सार्वजनिक आरोग्य राज्यसूचीत आणि रोगाचा राज्याराज्यांतील प्रसार रोखणे समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र व राज्य दोघांच्याही अधिकारात, येते. त्यामुळे केंद्राने ऑगस्ट २०२० मध्ये आंतरराज्य प्रवासाला परवाना नको असे बजावल्यानंतरही, महाराष्ट्रातील रुग्णसंख्या वाढताच, कर्नाटकाने फेब्रुवारी २०२१ मध्ये तेथून येणाऱ्यांना ७२ तासांच्या आतील आरटी-पीसीआर, म्हणजे नाका-घशातील स्रावात विषाणूचा अंश शोधणाऱ्या चाचणीचा, अहवाल सक्तीचा केला. कोगनोळीला घटनेतील नोंद कोणी विचारत नसे, अहवाल विचारत.